मऊ पाणी

१२ मार्च

भाऊजी,

ताईबद्दल काही लिहायचं नाही, असं तुम्ही जाताना सांगितलं होतंत. हे पत्र ताईबद्दल नाही. तुमच्या मुलीबद्दल आहे, म्हणून लिहिते आहे.

ती छान आहे. काळजी करू नका.

तिला आम्ही सध्या बटण म्हणतो. नाव तुम्ही ठेवाल तेव्हा ठेवाल, तोवर हाक मारायला काहीतरी हवं. ग्राहकांच्या कपड्यांची निसटलेली बटणं बाबा काउंटरवरच्या काचेच्या बरणीत टाकतात, ती बरणी तुम्ही पाहिली आहे. एकदा पोरगी खूप रडत होती आणि ती बरणी दिसल्यावर रडायचंच विसरली. टक लावून बघत राहिली. तेव्हापासून बटण. बाबा गिऱ्हाइकांना सांगतात, "हे एक बटण कुणी मागायला आलं तरी मिळणार नाही." परवा असं म्हणाले आणि मग उगाच बरणी पुसत बसले. तुमची आठवण झाली असावी.

लाँड्री चालू आहे. हॉटेलांच्या चादरी, नाट्यगृहाचे पडदे, नेहमीचं सगळं. डाग काढायच्या टेबलावर आता मी बसते. पूर्वी तिथे कोण बसायचं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे हे वाक्य सोडून द्या. बटण दिवसा आमच्याबरोबर खालीच असते, वाफेपासून लांब, खिडकीपाशी, धुतलेल्या टॉवेलांच्या टोपलीत. वर घरात आत्या आहे. बाबांची मोठी बहीण. तुमच्या लग्नात प्रत्येकाला दोनदा 'जेवलात का' विचारत होती तीच. बाळासाठी म्हणून आली आणि बाबांनाही ओरडायला माणूस मिळालं.

दुधाचं तेवढं एक आहे. बाळाच्या दुधाचे डबे दुकानांतून गायब झाले आहेत. कुठल्यातरी कारखान्यात बिघाड झाला म्हणतात. औषधवाल्याने माणशी एकच डबा द्यायचा ठरवल्यावर मी, बाबा आणि आपला इस्त्रीवाला असे तिघं वेगवेगळे रांगेत उभे राहिलो. औषधवाला बाबांना म्हणाला, "काका, तुम्हाला, या वयात?" बाबा म्हणाले, "दात पडलेत, काय करणार."

अडणार काही नाही. आत्या आहे.

तुमचा काळा कोट तेराव्याच्या दिवशी इथेच राहिला. साफ करून, 'न नेलेले कपडे' लिहिलेल्या दांडीवर लावून ठेवला आहे. पत्ता हाच असेल तर पार्सल करते.

धाकटी


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "तिथे नीट राहणार असेल तर ठेवा, नाहीतर वहिनी घेऊन जाईल." तुम्ही चालवता त्या क्रेनच्या खोलीत उंचावर बसून लिहिलं असणार, अक्षर हललेलं होतं.

तुमच्या वहिनी चांगल्या आहेत, घर मोठं आहे, माणसं आहेत. मी त्याला नाही म्हणत नाही. पण बटण इथे नीटच राहील, हे मी खात्रीने लिहिते. बाबा हल्ली फक्त तिच्याशी बोलतात. ती गेली तर हे घर म्हणजे नुसती वाफ उरेल.

शेवटचा डबा संपला. आत्याने पदर खोचला. "डबे निघायच्या आधी काय पोरं हवा खाऊन वाढली?" तिने तिच्या दोन्ही मुलांना घरी केलेल्या दुधावर वाढवलं. त्यातला एक आज ट्रक चालवतो आणि दुसरा ट्रकसारखा दिसतो, त्यामुळे पुरावा म्हणून ती दोघांचे फोटो दाखवते. पद्धत सोपी आहे. आम्ही चहासाठी आणतो ती साधी दूध पावडर, पाणी, साखर आणि चमचाभर तेल. बाबांचा पातळ वस्तूंवर विश्वास नाही, मग तो स्टार्च असो की चहा. ते म्हणतात, "अंगाला लागायचं तर चमचा उभा राहिला पाहिजे." म्हणून आत्या पावडर सढळ हाताने घालते आणि मंद आचेवर जरा आटवते. मग स्वतः चाखून बघते. चाखल्याशिवाय देत नाही.

आणि पाणी आमचं आहे. तुम्ही परके नाही, तरी हे नव्याने सांगते. शहरभर जड पाणी येतं. साबणाला फेस येत नाही, भांड्यात पांढरा थर धरतो. आमच्याकडे नळाचं पाणी आधी मागच्या बाजूच्या उंच टाकीतून जातं आणि मऊ होऊन येतं. हॉटेलवाले चादरी आमच्याकडेच का देतात, ते त्यामुळेच. बाबांनी तीच लाइन वर स्वयंपाकघरात नेली, मी शाळेत जायच्याही आधी. आमची किटली आतून नव्यासारखी आहे. शेजारणी आपल्या घरी पाहुणे आले की आमची मागून नेतात.

बाबा म्हणाले, "ज्या पाण्यात मी परक्याची चादर धूत नाही, ते नातीच्या पोटात घालू?"

वजन बघायला नर्सबाई येऊन गेल्या. तेव्हा शेवटचा डबा चालू होता. जाताना म्हणाल्या, "डबा मिळाला नाही तर मला फोन करा. घरी काही करू नका." नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. फोन करण्यासारखं काही झालेलं नाही.

कोटाचं अजून राहिलं आहे. पुढच्या आठवड्यात पाठवते.

धाकटी


१९ एप्रिल

भाऊजी,

उकाडा खूप आहे. तरी सगळं ठीक आहे, काळजी करू नका.

बटणची भूक बघायला तुम्ही इथे हवे होतात. बाटली दिसली की दोन्ही हातांनी ओढते. संपली की ओरडते. पुन्हा दिली की पुन्हा संपवते. आत्या म्हणते बापावर गेली, लग्नात तुम्ही किती वाढून घेतलं होतं ते तिच्या लक्षात आहे. लंगोट पूर्वीइतके निघत नाहीत. आत्याच्या मते सगळं अंगी लागतं. जे निघतात त्यांच्यावर डाग फार गडद असतो. एक मी टेबलावर घेऊन पाहिला, नेहमीच्या साबणाने गेला नाही. पण डाग काढणं हे माझं कामच आहे. काढला.

रविवारी बाबा तिला कपड्यांचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर ठेवतात, दोन चादरींच्या मध्ये. काटा पुढे सरकला की मोठ्याने "पास!" म्हणतात. या वेळी काटा जागचा हलला नाही. बाबांनी काट्याला दोन टपल्या मारल्या आणि म्हणाले, "म्हातारा झाला रे तू."

जरा चिडचिड करते. रडण्याचा आवाज बारीक झाला आहे, शिट्टीसारखा. उन्हाळ्यात मोठी माणसं चिडतात, तिचं काय.

तुमच्या वहिनींचा फोन आला होता.

"बाळ काय पितं?"

"दूध."

"कुठलं दूध?"

"चांगलं."

"बाई गं, तुझ्याकडून उत्तर काढणं म्हणजे पानाचा डाग काढणं."

मी हसले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तुम्हीही सांगा की बाळ उत्तम आहे.

धाकटी


२४ एप्रिल

भाऊजी,

बटणला थोडा ताप आला होता. आता बघणारी माणसं आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. पंखा जोरात आहे. कोटाचं पार्सल राहून गेलं.

नाव काय ठेवायचं ते लवकर कळवलंत तर बरं होईल. एका कागदावर लिहायला लागलं. मी 'बटण' लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "हे काय नाव झालं?" मी म्हटलं, "सध्या हेच आहे." त्याने दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि आम्हाला आत सोडलं.

बाबा तुमची आठवण काढत होते. त्यांनी ती पहिल्यांदाच काढली.

धाकटी


३ मे

भाऊजी,

ती वाचली आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचता येईल.

मागच्या पत्रात ताप लिहिला. ताप होता, पण तेवढंच नव्हतं. तुम्ही ताईबद्दल लिहू नका म्हणालात, तरी आज एक लिहावं लागणार. डाग घेऊन गिऱ्हाईक आलं की ताई आधी विचारायची, "कशाचा आहे?" लोक लाजायचे. दारूचा असला की सरबताचा सांगायचे. ताई कापड खाली ठेवून म्हणायची, "खोटं सांगाल तर डागही जाणार नाही आणि कापडही जाईल. खरं सांगा, मला काय तुमची वरात काढायची नाही." म्हणून खरं सांगते.

त्या सकाळी बटण टोपलीत होती. मी टेबलावर वाकले होते. शिट्टीसारखं रडणं थांबलं म्हणून मला हायसं वाटलं. मग वळून पाहिलं. तिचे डोळे एका बाजूला लागले होते आणि एक हात आपोआप झटके देत होता. अंग भाजत होतं, ओठ कोरडे. इस्त्रीवाल्याने चादरींची गाडी काढली. मी तिला घेऊन मागे गठ्ठ्यांवर बसले, बाबा पुढे. सिग्नलला बाबा खाली उतरून हाताने लोकांना बाजूला करत होते. त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

रुग्णालयात रक्त तपासलं. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. म्हणाल्या, "रक्तात मीठ फार वाढलं आहे. त्यामुळे मेंदूला त्रास होऊन झटके आले."

बाबा म्हणाले, "मग पाणी पाजा ना भरपूर. धुऊन काढा."

"काका, एकदम उतरवलं तर मेंदूला सूज येईल. हळूहळू उतरवायचं. सलाईन मोजून, रक्त पुन्हा पुन्हा तपासून."

बाबांना हे पटेना. मी त्यांना म्हटलं, लोकरीच्या शालीला आपण उकळतं पाणी लावतो का? तेव्हा ते बसले.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, दूध कोण करतं. आत्या पुढे झाली. काय घालता, किती घालता, सगळं विचारलं. आत्याने सगळं खरं सांगितलं, आटवण्यासकट.

"मीठ घालता?"

"बाळाच्या दुधात मीठ? अहो बाई, केस पिकलेत माझे, डोकं नाही पिकलं."

"चुकून? साखरेच्या जागी?"

"मी चाखते. दरवेळी चाखते!"

बाहेर आल्यावर बाबा तिला म्हणाले, "स्वयंपाक करताना तुझा चष्मा कुठे असतो?"

"कपाळावर असतो. तुझी अक्कल कुठे असते?"

"दोन डबे शेजारी शेजारी ठेवतेस. साखर आणि मीठ."

"या वयात मला विष घालणारी ठरव. ठरव ना! आईने तुला माझ्या कडेवर दिलं होतं, तेव्हा तुला मी काय मीठ चारलं होतं?"

ती त्याच दुपारी घरी गेली आणि पिशवी भरू लागली. मी अडवलं नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, की तिच्याच हातून चुकलं. आणि मला त्यात बरं वाटलं होतं. आत्या गेली की चूक गेली, घर पुन्हा नीट, तुम्हाला कळवायची गरज नाही. हे त्या बाकावरचं पत्र लिहिताना माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "तिकडे छोट्या खोलीत चहाचं सामान आहे, करून घ्या. बाबांनी सकाळपासून काही घेतलेलं नाही." मी किटलीचं झाकण उघडलं. आत पांढरा थर, भिंतीच्या पोपड्यासारखा. पहिल्यांदा हसू आलं, कारण आमची किटली अशी कधी नसते. मग झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या किटलीत थर बसत नाही, कारण थर धरणारं जे पाण्यात असतं ते टाकीत अडकतं. आणि ते अडकवून टाकी पाण्यात सोडते काय? आम्ही दर आठवड्याला त्या टाकीत ओततो काय?

मीठ. पोत्याने. लहानपणी ती पोती ओढायची पाळी माझी आणि ताईची असायची.

मी चहा न करता डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कागद खाली ठेवला. "घरचं पाणी कसं आहे, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुमचे वडील म्हणाले, 'शहरात सगळ्यात चांगलं.' मी तसंच लिहून ठेवलंय, बघा." खरंच लिहिलं होतं.

इस्त्रीवाल्याने घरून बाटलीत पाणी आणलं. तपासल्यावर त्यात मऊ पाण्यात असतं त्याच्याही कितीतरी पट मीठ निघालं. टाकी मिठाने धुतली की ते खारं पाणी गटारात जायला हवं. आमचा ते पाणी वळवायचा कॉक झिजला होता आणि त्यातलं थोडं घरात येत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. चादरी तक्रार करत नाहीत. आम्हाला लहानपणापासून त्याच पाण्याची सवय, आणि आत्या चाखायची ते दूध साखर घातलेलं, त्यामुळे कुणाच्याच जिभेला काही कळलं नाही.

मी घरी जाऊन आत्याची पिशवी रिकामी केली आणि तिला परत रुग्णालयात आणलं. ती ताठ मानेने डॉक्टरबाईंसमोर उभी राहिली.

"म्हणजे दोष पाण्याचा. माझं दूध निर्दोष."

"नाही आजी. पाणी बदललं तरी ते दूध चालणार नाही. हे मला तुम्हाला नीट सांगू द्या. मोठ्यांच्या दुधात मीठ आणि प्रथिनं इतकी असतात की एवढ्या बाळाच्या मूत्रपिंडांना ती झेपत नाहीत. तुम्ही ते वर दाट केलंत. तिला तहान लागायची, तुम्हाला भूक वाटायची, आणि तुम्ही पुन्हा तेच पाजायचात."

"बरं, पातळ केलं असतं तर?"

"तर दुसऱ्या बाजूने पडली असती. पोट भरल्यासारखं दिसतं आणि बाळ उपाशी राहतं. फार पाणी पोटात गेलं तर झटके त्यानेही येतात. शिवाय या दुधात लोह नाही, लागतात ती जीवनसत्त्वं नाहीत. हिचं रक्त आत्ताच फिकं झालंय. घरच्या स्वयंपाकघरात हे जुळवता येत नाही. मला स्वतःलाही येणार नाही."

"माझी दोन पोरं याच दुधावर वाढली. घोड्यासारखी आहेत."

 डॉक्टरबाई हळू म्हणाल्या, "ती वाचली, आजी. ज्यांची वाचली नाहीत, त्या आया पद्धत सांगायला येत नाहीत."

मला वाटलं आत्या आता भांडणार. ती भांडली नाही. तिने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी मान खाली घातली. त्या दोन पोरांच्या आधी आत्याला एक मूल होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते कशाने गेलं हे कुणाला कळलं नव्हतं. उन्हाळा होता, एवढंच सगळे म्हणाले होते.

नर्सबाईही येऊन गेल्या. ओरडल्या नाहीत. "फोन का नाही केलात?" एवढंच विचारलं. अशाच घरांसाठी डबे राखून ठेवले होते म्हणे, रुग्णालयाच्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. तुम्ही लिहिलं होतंत, 'नीट राहणार असेल तर.' मी फोन केला असता तर इथे डबा नाही अशी नोंद झाली असती. ती वहिनींच्या कानावर गेली असती आणि बटण गेली असती. मला ती हवी होती. म्हणून नंबर फ्रिजवरच राहिला.

तिचं मीठ आता उतरलं आहे. झटके पुन्हा आले नाहीत. मेंदूचा फोटो चांगला आहे. पण पुढचं वर्षभर तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरबाई म्हणतात, मी त्यात काही कमी करून लिहीत नाही. काल तिने माझं बोट धरलं आणि सोडलं नाही. नखं कापायला झाली आहेत.

हे पत्र वहिनींना दाखवा. तुम्ही दोघं जे ठरवाल ते मला मान्य आहे. आवडेल असं नाही, मान्य आहे.

धाकटी


२० मे

भाऊजी,

"शनिवारी येतो." तुमच्या कार्डावर एवढंच आहे. न्यायला येता की बघायला, ते लिहिलेलं नाही. मी विचारणार नाही. हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचेल अशा बेताने टाकते, म्हणजे इथे आल्यावर काय दिसेल ते तुम्हाला माहीत असेल.

बटण घरी आली आहे. बाबांनी आदल्या दिवशी पाना घेतला आणि स्वयंपाकघराची मऊ पाण्याची लाइन स्वतःच्या हाताने तोडली. प्लंबरला हात लावू दिला नाही. रस्त्यावरून येणाऱ्या नळाचा सरळ पाइप वर नेला आणि त्याच्या चावीला लाल रंग दिला. मग नळ सोडून त्याखाली ग्लास धरला, प्यायले आणि म्हणाले, "घाण चव आहे." दुसराही ग्लास प्यायले. टाकीचा कॉकही बदलला, पण ते पाणी आता फक्त चादरींना.

किटलीत थर धरायला लागला आहे. बाबा रोज सकाळी झाकण उघडून तो बघतात. परवा शेजारीण किटली मागायला आली. बाबा म्हणाले, "तुमच्यासारखीच झाली आता. घरचीच वापरा."

आत्या इथेच आहे. डबा नर्सबाईंनी दिला. दूध करताना चष्मा नाकावर असतो. पावडर मापाच्या चमच्याने, वरून सुरीच्या पाठीने सपाट करून. बाबांनी एकदा, "अजून अर्धा टाक," असं म्हटलं. आत्याने तोच चमचा त्यांच्या नाकासमोर धरला. "पुन्हा बोललास तर तुला आटवीन." ते बाहेर जाऊन बसले. ती आता चाखत नाही. म्हणते, माझ्या जिभेवर विसंबून झालं.

बटण हसायला लागली आहे. पाय इतके झाडते की टोपली सरकते. लंगोट भरपूर निघतात, आणि डाग साध्या साबणाने जातो. यापेक्षा चांगली बातमी माझ्या टेबलावर बऱ्याच दिवसांत आलेली नाही. रविवारी काटा पुढे गेला. बाबांनी "पास" म्हटलं नाही. नुसता हात काट्यावर ठेवून उभे राहिले.

आता एक गोष्ट. तुम्ही तिला वहिनींकडे न्यायचं ठरवलं असेल तर मी अडवणार नाही. पण तिथे पाणी कुठून येतं ते आधी विचारा. नवीन इमारतींत गच्चीवर अशा टाक्या बसवतात, लोकांना माहीतही नसतं. वहिनींना ते विचारायला लाज वाटली तर मी विचारीन, मला वाटत नाही. बाळाचं पाणी सरळ नळाचं, चांगलं उकळलेलं. पावडर मापाची, जास्तही नाही, कमीही नाही. डबा संपत आला तर संपायच्या आधी फोन. तो मिळेपर्यंत घरात कुणी पातेलं हातात घ्यायचं नाही, कितीही अनुभवी असलं तरी. आणि ती अधाशासारखी प्यायला लागली, लंगोट कोरडे निघाले किंवा आवाज बारीक झाला, तर उन्हाळ्याला बोल लावू नका. तडक घेऊन जा.

हे मी पाठ केलं आहे. तुम्हीही करा. ती कुणाच्या घरी वाढते यापेक्षा हे मोठं आहे.

कोट पार्सल करत नाही. तो दांडीवर आहे, ताईच्या निळ्या शालीशेजारी. शालीला मी नावाची चिठ्ठी लावलेली नाही. कुणी न्यायची ते तुम्ही ठरवा.

पहिल्या पत्रापासून मी तुम्हाला लिहीत आले की काळजी करू नका. ते चुकलं. काळजी करा. बाबा करतात, आत्या करते, मी करते, तरी एक माणूस कमी पडतं.

शनिवारची दुपारची बाटली तुम्ही करायची. मी शेजारी उभी राहीन. पाणी लाल चावीचं घ्या.

धाकटी